घाण्याचा बैल आणि चालता पट्टा : ट्रेडमिलचे प्रकार व धावण्यातील ऊर्जाव्यय

१. प्रश्नाचे स्वरूप

अखंड चालूनही कोठेच न पोहोचणाऱ्यासाठी मराठीत घाण्याच्या बैलाची उपमा फार जुन्या काळापासून रूढ आहे. व्यायामशाळेतील ट्रेडमिलवर धावणाऱ्या माणसालाही हीच उपमा गमतीने दिली जाते. उपमा देणाऱ्याच्या मनात साम्य असते ते स्थलांतराच्या अभावाचे : दोघेही चालतात, दोघेही घाम गाळतात आणि दोघेही जेथल्या तेथेच राहतात. परंतु श्रमाच्या दृष्टीने पाहू लागले म्हणजे ह्या साम्याखाली दडलेला एक भेद दिसू लागतो. बैल चालतो तेव्हा घाणा फिरतो, बी भरडले जाते आणि तेल निघते. म्हणजेच बैलाच्या स्नायूंतील ऊर्जेचा काही भाग बाहेरच्या वस्तूवर खर्ची पडतो. मोटारीने फिरणाऱ्या सपाट पट्ट्यावर धावणारा माणूस बाहेरच्या वस्तूवर असे कार्य जवळजवळ करीतच नाही. पट्टा फिरविण्याचे काम मोटार करते. ज्या ट्रेडमिलला मोटारच नाही, तिच्यावर मात्र पट्टा माणसालाच फिरवावा लागतो आणि तेथे घाण्याच्या बैलाची उपमा अक्षरशः खरी ठरते.

हा भेद केवळ शब्दांचा नाही. पुण्यातील व्यायामशाळांत, शारीरिक शिक्षणाच्या महाविद्यालयांत व रुग्णालयांच्या हृदयतपासणी कक्षांत आज ट्रेडमिल हे नित्याचे साधन झाले आहे, आणि तिच्या फलकावरील आकड्यांवरून माणसाच्या क्षमतेविषयी निर्णय घेतले जातात. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीच्या शारीरिक चाचणीत पुरुष उमेदवारास १६०० मीटर व महिला उमेदवारास ८०० मीटर धावावे लागते. त्यासाठी सराव करणारे अनेक तरुण-तरुणी सकाळी मैदान मिळाले नाही, तर संध्याकाळी ट्रेडमिलचा आधार घेतात. पट्ट्यावर ज्या वेगाला आपण टिकलो त्याच वेगाला मैदानावरही टिकू, असा त्यांचा समज असतो. तो कितपत खरा, आणि एका प्रकारच्या ट्रेडमिलवरील 'ताशी १० किलोमीटर' हे दुसऱ्या प्रकारच्या ट्रेडमिलवरील 'ताशी १० किलोमीटरां'शी कितपत समान, ह्या प्रश्नाचा विचार येथे करावयाचा आहे.

२. नाव आणि पूर्वेतिहास

ट्रेडमिल ह्या इंग्रजी शब्दाचे दोन अवयव आहेत : पाऊल टाकणे, व गिरणी. विल्यम क्यूबिट ह्या अभियंत्याने १८१८ च्या सुमारास इंग्लंडमधील तुरुंगांसाठी जे पायचाक बनविले, त्यास हे नाव यथार्थ होते. मोठ्या चाकाच्या परिघावरील पायऱ्यांवर कैदी एकामागून एक पाऊल टाकीत. त्यांच्या वजनाने चाक खाली फिरे, आणि त्या शक्तीवर कोठे धान्य दळले जाई, तर कोठे पाणी उपसले जाई. काही तुरुंगांत चाकाला काहीच जोडलेले नसे. तेथे कैदी केवळ वारा दळीत. श्रम ही शिक्षा असल्यामुळे फळ निघाले काय आणि न निघाले काय, शासनास सारखेच होते. अंदमानच्या कारागृहात राजबंद्यांना तेल गाळण्यासाठी कोलूस जुंपले जाई, त्यामागील दृष्टीही याहून फार वेगळी नव्हती.

हेच यंत्र पुढे शास्त्राच्या हाती आले. बर्लिन येथील शरीरक्रियाशास्त्रज्ञ नाथान त्सुन्ट्स यांनी १८८९ मध्ये घोड्यांच्या चयापचयाचा अभ्यास करण्यासाठी चालत्या पट्ट्याचा उपयोग केला. प्राणी चालत असावा, पण त्याच्या श्वासाचे मापन करणारी उपकरणे स्थिर असावीत, ही अडचण पट्ट्याने सोडविली. बोस्टन येथे फ्रान्सिस बेनेडिक्ट यांनी १९१५ मध्ये माणसाच्या सपाटीवरील चालण्याच्या ऊर्जाव्ययाचा असाच अभ्यास प्रसिद्ध केला. हार्वर्ड येथील १९२७ ते १९४७ ह्या काळातील थकव्याच्या प्रयोगशाळेत ट्रेडमिलला मध्यवर्ती स्थान होते. १९६३ मध्ये सिअ‍ॅटल येथील रॉबर्ट ब्रूस यांनी हृदयरोग्यांच्या तपासणीसाठी दर तीन मिनिटांनी वेग व चढ वाढविण्याची जी पद्धती मांडली, ती त्यांच्याच नावाने आजही जगभर वापरली जाते.

पुणे परिसरात शारीरिक क्रियेकडे मापनाच्या दृष्टीने पाहण्याची परंपरा नवी नाही. कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी पुण्यात महाराष्ट्रीय मंडळाची स्थापना केली ती १९२४ मध्ये. त्याच वर्षी स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन करून योगक्रियांचा प्रयोगशाळेत अभ्यास आरंभिला. ज्या नगरीत श्वास मोजण्याचा विचार शंभर वर्षांपूर्वी रुजला, तेथे पट्ट्यावरील धावण्याचे आकडे तपासून घेणे हे त्याच परंपरेला धरून आहे.

३. ऊर्जाव्यय म्हणजे काय?

व्यवहारात 'काम', 'श्रम' आणि 'शक्ती' हे शब्द एकमेकांच्या जागी सहज वापरले जातात. पदार्थविज्ञानात मात्र 'कार्य' ह्या संज्ञेस नेमका अर्थ आहे : बळ लावून वस्तू त्या बळाच्या दिशेने सरकली, तरच कार्य झाले. डोक्यावर हंडा घेऊन स्वस्थ उभी असलेली स्त्री ह्या अर्थाने काहीच कार्य करीत नाही, तरी ती थकते. कारण स्नायू ताणलेला ठेवण्यासही ऊर्जा लागते. शरीराने वापरलेली ही एकूण ऊर्जा म्हणजे ऊर्जाव्यय. ती प्रामुख्याने प्राणवायूच्या व्ययावरून मोजतात. शरीराने एक लिटर प्राणवायू वापरला म्हणजे सुमारे ५ किलोकॅलरी ऊर्जा खर्च झाली, असे स्थूलमानाने धरतात. विश्रांतीच्या स्थितीत शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे दर मिनिटास सुमारे साडेतीन मिलिलिटर प्राणवायू लागतो.

सपाटीवर एकसारख्या वेगाने धावणाऱ्या माणसाची उंची वाढत नाही आणि वेगही वाढत नाही. तरीही खर्च होतो, कारण प्रत्येक पावलागणिक शरीर किंचित खाली येते व वर उचलले जाते. पाऊल टेकताना गती थोडी रोखली जाते व ढकलताना ती पुन्हा मिळवावी लागते. पोटरीचे व टाचेचे कंडर ह्या उलाढालीतील काही ऊर्जा ताणलेल्या रबराप्रमाणे साठवून परत देतात. उरलेला भार स्नायूंवर पडतो. इटलीतील मार्गारिया व त्यांचे सहकारी यांनी १९६३ मध्ये दाखविले की, सपाटीवर धावताना दर किलोग्रॅम वजनास दर किलोमीटरमागे सुमारे एक किलोकॅलरी इतका निव्वळ खर्च येतो आणि हा खर्च वेगावर फारसा अवलंबून नसतो. ६० किलोग्रॅम वजनाचा माणूस ताशी १० किलोमीटर वेगाने तासभर धावला, तर विश्रांतीचा खर्च वगळता त्याचा व्यय सुमारे ६०० किलोकॅलरी होतो. पुढील सर्व तुलनांसाठी हाच आकडा आधारभूत मानावयाचा आहे.

४. मोटारीचा सपाट पट्टा

मोटारीच्या पट्ट्याविषयी एक समज दृढ आहे. पट्टा स्वतःच पाय मागे नेतो, म्हणून धावणाऱ्यास पुढे ढकलण्याचे श्रम पडत नाहीत, असे सांगितले जाते. हा समज चुकीचा आहे, आणि तो का चुकीचा हे मराठी भाषकास समजावून देणे तुलनेने सोपे आहे. मुंबईहून निघालेली आगगाडी शिवाजीनगर मागे टाकू लागली, की प्रवासी 'पुणे आले' असे म्हणतो. वस्तुतः आलेला असतो प्रवासी. परंतु गाडी स्थिर मानून गावाला गती देणे भाषेस मुळीच अवघड वाटत नाही. पदार्थविज्ञानही हेच सांगते : एकसारख्या वेगाने चालणाऱ्या संदर्भचौकटीत गतीचे नियम बदलत नाहीत. जमीन स्थिर व धावणारा चल असो, की धावणारा स्थिर व जमीन चल असो, पाय आणि जमीन यांमधील बळे तीच राहतात. नेदरलंड्समधील व्हान इंगेन शेनाउ यांनी १९८० मध्ये ही गोष्ट ट्रेडमिलच्या संदर्भात स्पष्टपणे मांडली. पट्ट्याचा वेग खरोखर स्थिर असेल, तर पट्ट्यावरील धावणे व जमिनीवरील धावणे यांत यांत्रिक दृष्ट्या भेद राहत नाही.

तथापि 'पट्ट्याचा वेग खरोखर स्थिर असेल तर' ही अट महत्त्वाची आहे. पाऊल टेकते त्या क्षणी ते पट्ट्यास किंचित रोखते; ढकलते त्या क्षणी पट्ट्यास पुढची गती देते. मोटार बलवान व चाक जड असेल, तर हा चढउतार नगण्य राहतो. हलक्या घरगुती यंत्रात, विशेषतः धावणारा वजनदार असल्यास, पट्टा प्रत्येक पावलाला अडखळतो. अशा यंत्रावर मिळालेले मापन प्रयोगशाळेतील यंत्राच्या मापनाशी ताडून पाहताना सावध राहावे लागते.

५. वाऱ्याचा विरोध आणि एक टक्क्याचा चढ

मैदान व पट्टा यांत खरा भेद पाडते ती हवा. मैदानावर धावणाऱ्यास हवा दूर सारावी लागते. पट्ट्यावर धावणाऱ्याभोवतीची हवा त्याच्याप्रमाणेच जागच्या जागी असते. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेत शरीरक्रियाशास्त्रज्ञ म्हणून सहभागी झालेले ग्रिफिथ प्यू यांनी १९७० व १९७१ मध्ये ह्या विरोधाचे मापन केले. सेकंदास सुमारे ६ मीटर, म्हणजे मध्यम पल्ल्याच्या शर्यतीच्या वेगास, एकूण खर्चाचा साडेसात ते आठ टक्के भाग हवा सारण्यात जातो, असे त्यांस आढळले. दुसऱ्या धावपटूच्या मागे एका मीटर अंतरावर राहून धावल्यास हा भार बहुतेक नाहीसा होतो, हेही त्यांनी दाखविले.

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून एकूण खर्चातील त्याचा वाटाही मंद वेगाला झपाट्याने घटतो. सेकंदास ५ मीटर वेगाला तो सुमारे पाच टक्के येतो, तर ताशी १० किलोमीटर, म्हणजे सेकंदास २.८ मीटर ह्या वेगाला दोन टक्क्यांच्याही आत राहतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्यामुळे येथील हवा समुद्रकाठच्या हवेपेक्षा सुमारे सहा टक्क्यांनी विरळ असते. हा वाटाही येथे त्या प्रमाणात किंचित कमी धरावयास हरकत नाही.

ह्या उणिवेची भरपाई करण्यासाठी पट्टा किंचित उचलून धरण्याची युक्ती रूढ झाली. जोन्स व डाउस्ट यांनी १९९६ मध्ये नऊ प्रशिक्षित धावपटूंच्या मापनावरून असा निष्कर्ष काढला की, सेकंदास सुमारे २.९ ते ५ मीटर ह्या वेगांच्या पट्ट्यात एक टक्क्याचा चढ ठेवल्यास ट्रेडमिलवरील खर्च रस्त्यावरील खर्चाशी जुळतो. एक टक्का चढ म्हणजे शंभर मीटर धावताना एक मीटर वर जाणे. त्याने खर्च सुमारे पाच टक्क्यांनी वाढतो. वरील हिशेबाशी हे ताडून पाहिले, तर दिसून येईल की ही भरपाई जलद धावणाऱ्यास नेमकी लागू पडते. संथ धावणाऱ्यास ती आवश्यकतेपेक्षा थोडी अधिक होते.

भरतीच्या उमेदवाराचे उदाहरण येथे उपयुक्त ठरेल. १६०० मीटर अंतर ५ मिनिटे २० सेकंदांत कापावयाचे असेल, तर वेग नेमका सेकंदास ५ मीटर, म्हणजे ताशी १८ किलोमीटर ठेवावा लागतो. हा सराव अगदी सपाट पट्ट्यावर केलेला उमेदवार मैदानावर उतरला, म्हणजे त्याच वेगासाठी त्याला सुमारे पाच टक्के अधिक खर्च करावा लागेल. शेवटच्या फेरीत दम तुटतो तो अनेकदा ह्याच पाच टक्क्यांपायी. त्याने सरावाच्या वेळी पट्ट्यास एक टक्का चढ दिला असता, तर निदान हे एक कारण तरी दूर झाले असते.

हवेच्या अभावाचा आणखी एक परिणाम उलट दिशेने होतो. बंद खोलीत वारा नसल्याने घाम सुकत नाही व शरीर तापते. विशेषतः पुण्याच्या एप्रिल-मे महिन्यांत तापलेल्या शरीराची हृदयगती ऊर्जाव्यय तोच असताही वाढत जाते. म्हणून केवळ नाडीचे ठोके मोजून दोन ठिकाणच्या श्रमांची तुलना करणे धोक्याचे आहे. पंख्याखाली व पंख्याविना घेतलेली मापनेही एका कोष्टकात बसविता येत नाहीत.

६. मोटारविरहित पट्टा : मोटेची धाव

मोटार नसलेल्या ट्रेडमिलचे दोन प्रकार आढळतात. जुन्या सपाट प्रकारात धावणाऱ्यास समोरची दांडी धरून किंवा कमरेचा पट्टा मागे खांबास बांधून पाय मागे रेटावे लागतात. गेल्या काही वर्षांत प्रचारात आलेला दुसरा प्रकार वक्र पट्ट्याचा. त्याचा पुढचा व मागचा भाग उचललेला आणि मधला खोलगट असतो. धावणारा पुढच्या चढत्या भागावर पाऊल टाकतो. त्याच्या वजनाने पट्टा मागे व खाली घसरतो. वेग वाढवावयाचा असेल तर तो अधिक पुढे, म्हणजे अधिक उतरणीच्या जागी पाऊल टाकतो. कमी करावयाचा असेल तर मागे सरतो.

ह्या यंत्राचे तत्त्व मराठी शेतकऱ्यास अपरिचित नाही. विहिरीवर मोट ओढणारे बैल ज्या उतरत्या वाटेवर चालत, तिला 'धाव' हेच नाव आहे. धाव उतरती ठेवण्याचे कारण उघड आहे : उतारावर बैलांचे स्वतःचे वजन ओढण्याच्या कामी येते. वक्र पट्ट्यावरील माणूसही उतारावरील आपल्या वजनानेच पट्टा ओढतो. फरक इतकाच की, मोटेचे बैल खरोखर खाली उतरतात व त्यांना मागे हटत पुन्हा वर यावे लागते. पट्ट्यावरचा माणूस पट्टा घसरेल तितकाच वर चढत राहतो, म्हणून तो तेथेच दिसतो. भौतिक दृष्टीने तो न संपणारा चढ चढत असतो.

हा चढ किती, याचा हिशेब सोपा आहे. पट्ट्याच्या बेअरिंगांचे व इतर घर्षण जिंकण्यासाठी जितके बळ लागते, त्यास माणसाच्या वजनाने भागले की त्या पट्ट्याचा समतुल्य चढ मिळतो. समजा, ताशी १० किलोमीटर वेग राखण्यास ३० न्यूटन बळ लागते. ६० किलोग्रॅमच्या माणसाचे वजन सुमारे ५८८ न्यूटन. म्हणून समतुल्य चढ सुमारे पाच टक्के. इतक्या चढाने धावण्याचा खर्च स्थूलमानाने वीस ते तीस टक्क्यांनी वाढतो. वक्र पट्ट्यावर समान वेगाला प्राणवायूचा व्यय मोटारीच्या पट्ट्यापेक्षा सुमारे तीस टक्क्यांपर्यंत अधिक आढळल्याची मापने प्रसिद्ध झाली आहेत, ती ह्या हिशेबाशी सुसंगत आहेत. यंत्राची घडण, पट्ट्याचे वजन व निगा यांनुसार हा आकडा बदलतो, हे मात्र विसरता कामा नये.

यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, खर्च तीस टक्क्यांनी वाढत असेल, तर मोटारीच्या पट्ट्यावर ताशी १० किलोमीटर धावणारा माणूस तितक्याच खर्चात वक्र पट्ट्यावर ताशी ७.७ किलोमीटरच धावू शकेल. वेग घसरलेला पाहून त्याची क्षमता घसरली असे कोणी म्हणू लागल्यास तो न्याय होणार नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची असून ती सहसा ध्यानात घेतली जात नाही. पट्ट्याचा विरोध सर्वांना सारखा असेल, तर तो हलक्या माणसास अधिक जड जातो. विरोध २४ न्यूटन धरला, तर ७२ किलोग्रॅमच्या माणसास समतुल्य चढ ३.४ टक्के पडतो, आणि ४८ किलोग्रॅमच्या मुलीस ५.१ टक्के. घर्षणाचा काही भाग वजनाबरोबर वाढत असल्यामुळे प्रत्यक्षातील अंतर ह्याहून काहीसे कमी असू शकते. पण त्याची दिशा तीच राहते. मोटारीच्या पट्ट्यावर किंवा मैदानावर असा भेद उद्भवत नाही, कारण तेथे खर्च वजनाच्याच प्रमाणात वाढतो. साताऱ्याच्या ललिता बाबर किंवा नाशिकच्या कविता राऊत यांच्यासारख्या सडपातळ बांध्याच्या धावपटू महाराष्ट्राने देशास दिल्या. त्याच बांध्याच्या एखाद्या नवोदित मुलीची निवडचाचणी मोटारविरहित पट्ट्यावर घेऊन तिचा वेग वजनदार मुलीच्या वेगाशी ताडून पाहिला, तर यंत्राचा दोष तिच्या माथी मारला जाईल.

७. पृष्ठाची लवचिकता व वजनाची घट

पट्ट्याखालील फळीचाही खर्चावर परिणाम होतो. केरडॉक व त्यांचे सहकारी यांनी २००२ मध्ये ट्रेडमिलच्या पट्ट्याखाली निरनिराळ्या ताठरपणाच्या फळ्या बसवून मापन केले. फळीचा ताठरपणा सुमारे साडेबारा पटींनी कमी केला, तेव्हा धावण्याचा ऊर्जाव्यय सुमारे बारा टक्क्यांनी घटला. दबलेली फळी पाय उचलताना उसळून ऊर्जा परत देते, म्हणून स्नायूंचा भार हलका होतो.

येथे 'मऊ' ह्या शब्दाची संदिग्धता लक्षात ठेवणे आवश्यक आहे. रेतीही मऊ आणि लवचिक फळीही मऊ. परंतु रेती दबते आणि दबलेलीच राहते. लेज्यून, विलेम्स व हेग्लंड यांनी १९९८ मध्ये दाखविल्याप्रमाणे रेतीवर धावण्याचा खर्च कठीण पृष्ठावरील खर्चाच्या १.६ पट होतो. एकाच विशेषणाखाली येणारी ही दोन पृष्ठे खर्चाच्या बाबतीत परस्परांच्या विरुद्ध टोकांस आहेत. तेव्हा संशोधनपर लेखनात 'मऊ पृष्ठ' असा मोघम उल्लेख न करता ते ऊर्जा परत देणारे की शोषून घेणारे, हे स्पष्ट केले पाहिजे.

दुखापतीनंतरच्या उपचारांत वापरल्या जाणाऱ्या दोन प्रकारांचा केवळ उल्लेख पुरेसा आहे. एकात कमरेखालील शरीर हवाबंद कक्षात ठेवून हवेच्या दाबाने वजन उचलून धरतात. वजन घटते तसा त्याच वेगाचा खर्चही घटतो. दुसऱ्यात पट्टा पाण्याखाली असतो. तेथे पाण्याची उचल खर्च कमी करते आणि पाण्याचा विरोध तो वाढवितो, म्हणून पाण्याची पातळी व वेग सांगितल्याशिवाय आकड्यास अर्थ येत नाही.

८. फलकावरील आकडे काय सांगतात?

ट्रेडमिलच्या फलकावर वेग, अंतर व उष्मांक असे तीन आकडे दिसतात. त्यांपैकी वेग हे पट्ट्याविषयीचे विधान आहे. अंतर हे त्याच वेगाचा वेळेशी केलेला गुणाकार. उष्मांक हे मात्र धावणाऱ्याच्या शरीराविषयीचे विधान असल्यासारखे भासते. वस्तुतः सामान्य यंत्र प्राणवायू मोजत नाही, पट्ट्याचा वेग, चढ व नोंदलेले वजन सूत्रात घालून ते उत्तर काढते. 'तुझे इतके उष्मांक जळले' ह्या वाक्यातील कर्ता शरीर वाटला, तरी माहिती पट्ट्याचीच असते. धावणाऱ्याने दांडी धरली, तर शरीराचा भार हातांवर जाऊन खरा खर्च कमी होतो. फलकास ते कळत नाही. हृदयतपासणीत रुग्णाने दांडी घट्ट धरून ठेवल्यास त्याची क्षमता आहे त्यापेक्षा अधिक भासते, आणि ह्या भासाचे परिणाम गंभीर होऊ शकतात.

वेगाचा आकडाही पारखून घ्यावा लागतो. त्यासाठी महागडे उपकरण लागत नाही. पट्ट्याची पूर्ण लांबी मोजावी, त्यावर खडूने खूण करावी आणि धावणारा पट्ट्यावर असताना एका मिनिटात खूण किती वेळा येते ते मोजावे. पट्टा ३.२ मीटर लांब असून खूण ५० वेळा आली, तर वेग मिनिटास १६० मीटर, म्हणजे ताशी ९.६ किलोमीटर होय. फलक १० दाखवीत असेल, तर चूक चार टक्क्यांची आहे; म्हणजे हवेच्या विरोधाच्या ज्या सूक्ष्म भेदाची चर्चा वर केली, जवळजवळ तितकीच. माणूस पट्ट्यावर नसताना केलेली पारख अपुरी ठरते, कारण भार पडला की पट्टा मंदावू शकतो.

९. निष्कर्ष

समान वेग म्हणजे समान श्रम, हे समीकरण एकाच यंत्रापुरते खरे आहे. यंत्र बदलले की ते कोलमडते. भक्कम मोटारीच्या सपाट पट्ट्यावरील धावणे हे निर्वात मैदानावरील धावण्यासारखे आहे. संथ वेगाला ते रस्त्याशी जवळजवळ जुळते, जलद वेगाला पाच टक्क्यांच्या आसपास स्वस्त पडते आणि एक टक्क्याच्या चढाने त्याची भरपाई होते. मोटारविरहित वक्र पट्ट्यावरील धावणे हे अदृश्य चढावरील धावणे असून, तो चढ माणूस जितका हलका तितका तीव्र होतो. लवचिक फळी खर्च घटविते.

म्हणून ट्रेडमिलवर आधारलेल्या कोणत्याही प्रबंधात वेगाच्या जोडीने पुढील गोष्टींची नोंद असणे अगत्याचे आहे : यंत्र मोटारीचे की मोटारविरहित, पट्ट्याचा चढ, भारासहित केलेली वेगाची पारख, धावणाऱ्यांची वजने, दांडी धरू दिली की नाही, आणि खोलीचे तपमान व वाऱ्याची सोय. ह्यांपैकी एकही नोंद नसेल, तर दोन महाविद्यालयांची कोष्टके शेजारी ठेवून काढलेले निष्कर्ष विश्वसनीय ठरणार नाहीत. सराव करणाऱ्या विद्यार्थ्यानेही एका यंत्रावरचा आपला आकडा दुसऱ्या यंत्रावरच्या सोबत्याच्या आकड्याशी ताडून खट्टू होऊ नये वा हुरळूनही जाऊ नये. तुलना करावयाची ती त्याच यंत्रावरील आपल्याच मागील आकड्याशी. घाण्याच्या बैलाचे श्रम जाणकार तेली त्याच्या फेऱ्यांवरून जोखीत नसे. घाण्यात बी किती घातले आहे व घाणा किती जड चालतो आहे, इकडे त्याचे लक्ष असे. चालत्या पट्ट्यावरील माणसाचे श्रम जोखतानाही हीच दृष्टी ठेवावी लागते.